पोटावरचा गोल वळ

"हा गोल कसला?" डॉक्टरांनी विचारलं.

रोह्यातल्या एका छोट्या दवाखान्यात, सोनोग्राफीच्या टेबलावर माझा धाकटा भाऊ विलास उताणा पडला होता. शर्ट वर सरकवलेला. डाव्या बरगडीच्या जरा खाली एक गोल वळ उमटला होता. दहाच्या नाण्याएवढा असेल, मध्ये फिकट आणि कडेला जांभळा. मी तो पहिल्यांदाच बघत होते. हा दोन दिवस माझ्या घरात सदरा घालून वावरत होता, माझ्या हातचे मोदक खात होता, आणि त्याने तो वळ कुणाला दाखवला नव्हता.

विलास छताकडे बघत राहिला. डॉक्टरांनी पोटावर जेली लावून यंत्र फिरवलं. एकदा फिरवलं, मग त्याच जागी पुन्हा फिरवलं. म्हणाले, "स्प्लीन फाटलेली दिसतेय. पोटात रक्त आहे. हे आजचं नाही. कुठे पडला होतात का?"

"नाय," विलास म्हणाला.

"अरे, डॉक्टर विचारतायत!" मी ओरडलेच. "पडला होतास का?"

त्याने शर्ट खाली ओढायला हात नेला. मग म्हणाला, "सायकलचं हँडल लागलं पोटाला. भिसे खिंडीत. पन ताई, मूर्तीला काय नाय झालं."

स्प्लीन म्हणजे प्लीहा. जुनी माणसं तिला पाणथरी म्हणतात. पोटाच्या डाव्या अंगाला, बरगड्यांच्या आडोशाला असते आणि रक्ताने भरलेली असते. मुका मार लागला तर बाहेर कातडी शाबूत राहते आणि आत ती फाटते. कधी लगेच भळाभळा वाहते, तर कधी दोन-तीन दिवस झिरपत राहते. माणूस चालतो, बोलतो, जेवतो, आणि एक दिवस न्हाणीघराच्या दारात कोसळतो. आमच्या विलासचं तसंच झालं होतं.

तुमच्या घरात कुणी सायकलवाला असेल, आणि हल्ली प्रत्येक घरात एखादा असतोच, तर हे वाचा. मी काही शिकलेली बाई नाही, घरी ब्लाऊज शिवते. पण जे डोळ्यांसमोर घडलं ते मला नीट सांगता येतं.

विलास पेणजवळ जोह्याच्या एका कारखान्यात गणपती रंगवतो. राहायला पेणला. चाळिशीत त्याला सायकलीचं वेड लागलं. कुणाकडून तरी जुनी गिअरची सायकल घेतली, पुढे हवा भरायचं शॉकअप, पायाखाली दात असलेली लोखंडी पॅडलं. रविवारी पेणच्या चार-पाच जणांबरोबर धरमतरपर्यंत जायचं आणि परत यायचं. पोट कमी झालं, विडी सुटली. मीसुद्धा कौतुक केलं.

माझ्या घरचा गणपती दरवर्षी तोच आणतो. आधी टेम्पोने यायचा. या वेळी फोनवर म्हणाला, "ताई, यंदा बाप्पा सायकलवर आणतो." मी म्हटलं, आण बाबा, उंदराला तेवढीच विश्रांती.

हरतालिकेच्या दिवशी सकाळी तो आला. डोक्यावर टोपी, पाय अनवाणी, पुढच्या कॅरिअरवर पेंढा भरलेलं खोकं आणि खोक्यात रुमालाने तोंड झाकलेली शाडूची मूर्ती. सायकल दाराशी लावून त्याने मूर्ती हातात घेतली. मी रिवाजाप्रमाणे भाकरतुकडा ओवाळला आणि त्याच्या पायांवर पाणी घातलं. पाणी लाल झालं. नडगीवर दातांनी ओरबाडावं तसे पाच-सहा खोल ओरखडे होते.

"पॅडल घासलं," तो म्हणाला. "काय नाय एवढं."

मग काय, सगळं घर त्या नडगीच्या मागे लागलं. मी हळद भरली. आमचे हे कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून आले, तेव्हा त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला घेऊन गेले. तिथेही सगळ्यांनी नडगीच बघितली. दिसणारी जखम ही अशी लबाड असते, सगळ्यांचे डोळे आपल्याकडे ओढून घेते.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. विलास आरतीला उभा राहिला, पण टाळ वाजवेना. डावा खांदा दुखतोय म्हणाला. खोकं धरून धरून अवघडला असेल असं सगळ्यांनी ठरवलं. मी तेल गरम करून खांदा चोळून दिला. पोट जड वाटतंय म्हणाला तेव्हा ओवा दिला आणि शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. माझ्यासारखी कुणी बाई हे वाचत असेल तर एवढं ऐका: पडलेल्या माणसाच्या पोटाला शेक देऊ नका, चोळू तर मुळीच नका. पण तो पडलाय हे आम्हाला माहीत कुठे होतं?

ऋषिपंचमीला सकाळी तो न्हाणीघराकडे गेला आणि धप्पकन आवाज झाला. चेहरा पांढराफटक, अंग घामाने थंडगार. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, आणि तिथे तो गोल वळ दिसला.

डॉक्टर म्हणाले, "इथे सीटी स्कॅनची सोय नाही, आयसीयू नाही. पेणला हलवा. मी तिथल्या सर्जनशी बोलतो." दोन्ही हातांना सलाइन लावून त्यांनी त्याला रुग्णवाहिकेत चढवलं. बरोबर एक ब्रदर दिला. मला म्हणाले, "त्यांच्याशी बोलत राहा. झोप आल्यासारखं वाटलं, बोलणं तुटक झालं, तर ब्रदरला लगेच सांगा."

आमच्याकडचे रस्ते तुम्हाला माहीत असतील. प्रत्येक खड्ड्याला गाडी आदळायची आणि मी विलासच्या पोटाकडे बघायची. आतली फाट अजून मोठी झाली असेल का, हा एकच विचार. ड्रायव्हर बिचारा जपून चालवत होता, पण जपून चालवलं तर उशीर आणि जोरात चालवलं तर दणके. मी त्याला दोन्ही सांगत होते. शेवटी ब्रदर म्हणाला, "काकी, तुम्ही पेशंटशी बोला, त्यांच्याशी नको."

म्हणून मी विलासला बोलतं केलं. "खिंडीत काय झालं ते सांग आता. पहिल्यापासून सांग."

त्याने थांबत थांबत सांगितलं. मूर्ती पाठच्या कॅरिअरला बांधायची नाही, कारण देवाकडे पाठ करायची नाही. म्हणून त्याने मुद्दाम पुढे कॅरिअर बसवून घेतलं आणि मूर्तीचं तोंड आपल्याकडे करून खोकं बांधलं. शाडूची मूर्ती, दणका बसला तर तडा जाईल. म्हणून पुढच्या शॉकअपमधली बरीच हवा सोडून दिली, झोक्यासारखं मऊ केलं. आणि मूर्ती आणणारा माणूस पायात काही घालत नाही, ही तर आमच्या वडलांपासूनची रीत. म्हणून पेणपासून अनवाणी.

"त्या दातेरी पॅडलांवर? अनवाणी?"

"बुटानं पाय लावू देवाच्या गाडीला?"

मी कपाळाला हात लावला. रुग्णवाहिका तेव्हा खिंड चढत होती. विलासने मान जराशी वळवली आणि म्हणाला, "हितंच. त्या वळनाच्या खाली."

रोह्याकडे उतरताना पावसाची भुरभुर होती. वळणावर समोर खड्डा आला. त्याने पुढचा ब्रेक दाबला. आधीच पुढे खोक्याचं वजन, त्यात शॉकअपमध्ये हवा नाही. ते एकदम खालपर्यंत बसलं आणि सायकलीने नाक खाली घातलं. तोल सावरायला त्याने पायांवर जोर घेतला, तर ओला अनवाणी पाय पॅडलवरून सटकला. पॅडल गर्रकन फिरून नडगीवर आलं. हँडल आडवं झालं, आणि त्याच्या टोकाचं रबरी बूच कधीच पडून गेलेलं होतं. उघडी नळी सरळ पोटात. पडता पडता त्याने खोकं छातीशी धरलं आणि स्वतः खाली गेला.

"मग उठलास कसा?"

"रुमाल उचलून बघितलं. बाप्पा धड होता. मग उठलो."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मूर्ती बसवली असतीस? रस्त्यात पडलेली मूर्ती?" तो दम घेत म्हणाला. "सणाच्या दिवशी घरात कुजबुज कशाला?"

नागोठणं मागे पडलं. त्याचे डोळे मिटायला लागले की मी त्याच्या लहानपणच्या खोड्या काढत होते. एकदा तो हसला आणि हसताना कळवळला. मग मी खोड्या काढायच्याही थांबले आणि नुसती पेण किती राहिलं ते सांगत बसले.

पेणच्या हॉस्पिटलच्या दारात त्याची बायको संगीता उभी होती. तिला मी फोनवर फक्त "पोटाला मार लागलाय" एवढंच सांगितलं होतं. स्ट्रेचर खाली घेताना तिने त्याच्याकडे बघितलं आणि माझा हात इतक्या जोरात धरला की माझ्या बांगड्या रुतल्या. "आक्का, बोलतायत ना गो ते?" एवढंच तिने विचारलं.

सीटी स्कॅन झाला. सर्जन मॅडम तरुण होत्या, पण बोलणं स्पष्ट. त्यांनी कागदावर प्लीहेचं चित्र काढलं आणि त्यावर एक चीर ओढली. "हे लॅसरेशन आहे, म्हणजे फाट. मधल्या दर्जाची, ग्रेड थ्री. रक्तदाब सध्या सावरलाय. याला आम्ही स्टेबल म्हणतो, म्हणजे या घडीला शरीर तग धरून आहे. म्हणून लगेच पोट उघडणार नाही. कन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे न कापता, नुसतं लक्ष ठेवून बघू. पुष्कळदा फाट आपोआप धरते, म्हणजे सांधते."

"आनि नाय धरली तर?" संगीताने विचारलं.

"तर प्लीहा काढावी लागेल. तेव्हा वेळ हातात नसेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते." मग त्या विलासकडे वळल्या. "तुम्ही एक करायचं. पोट दुखलं, चक्कर आली, आणि विशेष करून डावा खांदा दुखला, तर त्याच मिनिटाला सांगायचं."

मी विचारलं, पोटाच्या दुखण्यात खांदा कुठून आला? मॅडम म्हणाल्या, "पोटातलं रक्त वर सरकून श्वासाच्या पडद्याला टोचतं. त्या पडद्याची नस आणि खांद्याची नस एकाच ठिकाणाहून येतात. मेंदूला वाटतं, खांदाच दुखतोय." म्हणजे मी तेल लावून चोळत होते तो खांदा नव्हताच. आत रक्त हाका मारत होतं.

मग वाट बघणं सुरू झालं. आजारपणातलं सगळ्यात अवघड काम कुठलं म्हणाल तर हे. ऑपरेशन चालू असेल तर निदान कुणीतरी काहीतरी करतंय असं वाटतं. इथे औषध म्हणजे पडून राहणं. कूस बदलायची नाही, खोकायचं नाही, उठून बसायचं नाही. दर काही तासांनी हिमोग्लोबिन तपासायचं, म्हणजे रक्तातला लाल भाग किती उरलाय ते. आकडा स्थिर असला तर फाट धरतेय, खाली आला तर आत गळतंय. सिस्टरने रक्त काढून नेलं की संगीता आणि मी बाकावर बसून आयसीयूच्या काचेच्या दाराकडे बघायचो. दार उघडलं की आम्ही दोघी उठायचो. बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी नातेवाइकांना हाक असायची.

पहिल्या दिवशी आकडा खाली आला. रक्ताच्या पिशव्या लागल्या. विलासचे सायकलवाले मित्र धावत आले, कुणी रक्तदान केलं, कुणी डबा आणला. दुसऱ्या दिवशी आकडा स्थिरावला. मॅडम पहिल्यांदा जराशा हसल्या. संगीता म्हणाली, "धरली वाटतं गो आक्का." आम्ही दोघींनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवून घेतलं.

घरी रोह्याला गणपती बसलेले होते. आमचे हे सुट्टी टाकून पूजा-नैवेद्य बघत होते. शेजारणी गौरीच्या तयारीला आल्या होत्या. यांचा फोन आला की मागे आरती ऐकू यायची आणि मला काय मागावं ते कळायचं नाही. तुला त्याने छातीशी धरून आणलं, तर निदान त्याच्या पोटाचं बघ, एवढंच मी म्हणत होते.

गौरीपूजनाच्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळी मी आत गेले. संगीता औषधं आणायला गेली होती. विलास शांत पडला होता. सिस्टरने विचारलं, "काका, काही त्रास?" तो म्हणाला, "नाय, बरं हाय." ती पुढच्या खाटेकडे गेली. तेव्हा माझं लक्ष गेलं. त्याचा उजवा हात चादरीखालून डाव्या खांद्यावर आला होता आणि बोटं खांदा दाबत होती.

"खांदा दुखतोय?"

"नाय."

"विलास."

"जरासा. सकाळधरनं." मग घाईघाईने म्हणाला, "ताई, ऐक ना. उद्या गौरी-गनपती जातील. मूर्ती मी आनली. ती तुझ्या घरात असताना माझं पोट फाडलं, काय वाईट झालं, तर तुझ्या सासरची लोकं काय म्हनतील? जल्मभर बोलतील तुला. उद्या विसर्जन झालं का सांगू. एका दिवसाचा तर सवाल हाय."

मला त्याची दया आली असं मी सांगणार नाही. मला भयंकर राग आला. या माणसाने माझा सण बिघडू नये म्हणून फाटलेल्या पोटाने माझ्या घरी आरत्या म्हटल्या होत्या, आणि आता मला बोल लागू नये म्हणून तो मरायला तयार होता.

"मूर्ती फुटली तर तूच दुसरी घडवतोस," मी म्हटलं. "तू गेलास तर तुला कुठल्या कारखान्यातून आणू? मला बोलतील, तर बोलू देत. माझ्या तोंडाला काय कुलूप आहे?"

"ताई, हळू बोल..."

मी हळू बोलले नाही. आयसीयूमध्ये ओरडू नये हे मला माहीत आहे. मी भर आयसीयूत "सिस्टर!" म्हणून अशी हाक मारली की चार खाटांवरची माणसं दचकली. "याचा डावा खांदा सकाळपासून दुखतोय. हा खोटं बोलतोय. मॅडमना बोलवा."

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

मॅडम आल्या. पोटाला हात लावला तर ते लाकडासारखं आखडलं होतं. नाडी वाढलेली होती. रक्तदाब त्यांच्यासमोरच उतरायला लागला. त्यांनी कुणाला तरी दोन शब्द सांगितले आणि मघापर्यंत शांत असलेल्या त्या खोलीत एकदम पळापळ झाली. संगीता औषधांची पिशवी घेऊन दारात आली तेव्हा त्याची खाट बाहेर येत होती. तिने चालता चालता सही केली. विलासने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही.

ऑपरेशन चालू असताना आम्ही दोघी बाकावर बसून होतो. मनात येत होतं, तो आता गेला तर माझ्यावर रुसून गेलेला असेल. आणि लगेच मनात येत होतं, रुसू दे. आयुष्यभर रुसून राहिला तरी चालेल, फक्त राहू दे.

मॅडम बाहेर आल्या त्या टोपी काढतच. "प्लीहा काढावी लागली. फाट पुन्हा उघडली होती, आत बरंच रक्त होतं. पण आता थांबलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वेळेत ओरडलात." मी भिंतीला टेकून खाली बसले आणि हमसून हमसून रडले. संगीता मला थोपटत होती. खरं तर थोपटायचं मी तिला होतं.

दुसऱ्या दिवशी रोह्याला कुंडलिका नदीवर विसर्जन झालं. यांनी फोनवरून आवाज ऐकवला. सासरच्या कुणीही, एका शब्दाने, काहीही बोललं नाही. उलट माझ्या थोरल्या जाऊबाईंनी विलाससाठी मोदकांच्या उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या पाठवल्या. मॅडमनी त्या त्याला खाऊ दिल्या नाहीत, म्हणून मी खाल्ल्या.

प्लीहेशिवाय माणूस जगतो, चांगला जगतो. पण ती रोगजंतूंशी लढणारी असते, त्यामुळे ती गेल्यावर काळजी वाढते. विलासला काही आठवड्यांनी न्यूमोनियाची आणि आणखी दोन-तीन लसी दिल्या. मॅडमनी बजावलं आहे: ताप आला तर घरी काढा पीत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर, आणि तिथे आधी "मला प्लीहा नाही" हे सांगायचं. त्याच्या पाकिटात तशी चिठ्ठीही असते. तो शुद्धीवर आल्यावर संगीताने त्याच्याशी एक अख्खा दिवस अबोला धरला. मग म्हणाली, "माझ्याशी जे काय खोटं बोलायचं ते बोला, पन दुखन्यावर बोलू नका."

सायकल माझ्या अंगणात पडून होती. आमचे हे कंपनीत फिटर. त्यांनी ती उलटी करून तपासली आणि नंतर पेणच्या दुकानातही दाखवली. जे मला कळलं ते माझ्या भाषेत सांगते.

शॉकअप म्हणजे उशी नव्हे. ते चाक जमिनीला धरून ठेवण्यासाठी असतं. माणूस सायकलवर बसला की ते थोडंसं दबलं पाहिजे, एकूण चालीच्या साधारण पाचव्या-चौथ्या हिश्शाइतकं. फार कडक ठेवलं तर चाक उडतं आणि फार मऊ ठेवलं तर ब्रेक दाबल्यावर नाक घालतं. हवा भरायची ती शॉकअपच्या छोट्या पंपाने, त्यावर काटा असतो. पंक्चरच्या दुकानातल्या हवेने भरायची नाही. पुढे ओझं बांधलं तर हवा सोडायची नसते, उलट वाढवावी लागते. विलासने नेमकं उलट केलं होतं. आणि खरं सांगायचं तर पुढच्या शॉकअपवर जड ओझं बांधूच नये.

दातेरी पॅडलवर अनवाणी किंवा चपलेने बसायचं नाही. त्याचे दात जाड तळाच्या बुटात रुतण्यासाठी असतात. पायाचा चवडा पॅडलच्या मध्यावर हवा. उतारावर दोन्ही पॅडलं सारख्या उंचीवर ठेवायची आणि बैठकीवरून जरा उठून वजन मागे घ्यायचं. पॅडल स्वतः बसवत असाल तर डाव्या पॅडलच्या स्क्रूचा आटा उलटा असतो हे लक्षात ठेवा, जबरदस्ती केलीत तर आटा मरतो आणि चालत्या सायकलीत पॅडल निखळतं. पायाने हलवून बघा, खुळखुळत असेल तर त्या दिवशी सायकल बाहेर काढू नका.

आणि हँडलच्या दोन्ही टोकांना बूच आहे का, तेवढं आज बघा. हे वाचून झाल्यावर नको, आत्ताच उठून बघा. मी थांबते.

आमची रीत मात्र आम्ही मोडली नाही, जरा वळवली. मूर्ती आता गाडीने येते, विलास ती मांडीवर घेऊन बसतो, आणि माझ्या फाटकापाशी उतरला की चपला काढतो. तेवढी दहा पावलं अनवाणी. देवाचं त्यावर काही म्हणणं नाही.

माझ्यावरचा त्याचा रुसवा मात्र बरेच दिवस टिकला. बोलायचा, पण कामापुरतं. सगळ्यांसमोर मी त्याला खोटा म्हटलं, हे त्याला लागलं होतं. मी माफी मागितली नाही. मागणारही नव्हते.

मॅडमनी परवानगी दिल्यावर त्याने पुन्हा सायकल हातात घेतली. मी नको म्हटलं नाही, कारण म्हणून उपयोग नव्हता. रविवारी सकाळी तो बाहेर पडला की मी मशीनवर बसायची, पण सुई चालायची नाही.

परवाच्या रविवारी फोन वाजला. त्याचा होता. एरवी तो मला सायकलवरून कधी फोन करत नाही.

"ताई, पडलो," तो म्हणाला.

मी उभी राहिले. "कुठे?"

"धरमतरच्या रस्त्याला. कुत्रा आडवा आला. कोपर खरचटलंय. हँडल पोटाला नुसतं घासून गेलं, दुखत काय नाय. पन संगीताला फोन केला आनि आता डॉक्टरकडं चाललोय. पोट दाखवून घेतो. मंग तुला सांगतो काय म्हनले ते."

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "बरं झालं रे."

"काय? पडलो ते?"

"नाही," मी म्हटलं. "सांगितलंस ते."